लहान मुलाचा कॉल : रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रुग्णवाहिकेवर काही वर्षे काढलेल्या कोणालाही कोणत्या कॉलची धास्ती वाटते असे विचारले, तर अपघात, विषबाधा, हृदयविकार ही नावे नंतर येतात. आधी येते ते लहान मूल. याचे कारण विचारले की बहुतेक जण भावनेकडे बोट दाखवतात आणि ते खोटेही नाही. परंतु हात कापण्याचे मोठे कारण माझ्या मते दुसरेच आहे. मुलांचे कॉल प्रौढांच्या मानाने कमी येतात, त्यामुळे हाताला सवय राहत नाही. आणि प्रौढांसाठी पाठ झालेले आकडे मुलाला जवळजवळ कुठेच लागू पडत नाहीत. मास्कचा आकार वेगळा, नाडीचा वेग वेगळा, औषधाची मात्रा वेगळी, आणि ती मात्रा दर किलोला बदलणारी. परिणामी ज्या दहा मिनिटांत डोके सर्वांत कमी चालते, त्याच दहा मिनिटांत आपण गुणाकार करायला बसतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ वाहने रस्त्यावर आली. त्यांतील २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक सुविधांची होती. आपल्याकडे या वाहनावर एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात, अशी दोघांचीच जोडी असते. इतर अनेक राज्यांत डॉक्टरच्या जागी प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. तुम्ही यांपैकी कोणीही असा, घरात शिरल्यावर तुमच्याकडे चारच हात असतात, हे धरूनच पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. येथे दिलेल्या मात्रा सर्वसाधारणपणे शिकवल्या जाणाऱ्या आहेत. तुमच्या सेवेची लेखी कार्यपद्धती वेगळी असेल तर तीच पाळावी आणि शंका येताच नियंत्रण कक्षातील डॉक्टरांना फोन लावावा.

पहिली पायरी : ड्यूटी सुरू होताना

मुलांचे साहित्य बहुतेक वाहनांत असते, पण ते कपाटाच्या तळाशी, प्लॅस्टिकचे वेष्टन न काढलेल्या अवस्थेत असते. ड्यूटी हाती घेताना ते बाहेर काढून स्ट्रेचरवर मांडावे. श्वास देण्यासाठी मास्कला जोडून हाताने दाबायची, आपोआप पुन्हा फुगणारी बॅग, नवजाताची सुमारे २५० मिलीची आणि मोठ्या मुलांची ५०० मिलीची, शून्यापासून तीनपर्यंतचे मास्क, सक्शनच्या, म्हणजे तोंडा-नाकातील स्राव ओढून काढण्याच्या, बारीक नळ्या, पायाला गुंडाळता येणारा ऑक्सिमीटरचा प्रोब, लहान दंडाचा रक्तदाब पट्टा, ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या, एक मिलीच्या सिरिंज, दोन कोरडे टॉवेल, एक टोपडे. मास्कचे रबर बोटाने दाबून पाहावे. उन्हात उभ्या राहणाऱ्या वाहनात ते चिकट होते किंवा चिरते, आणि चिरलेल्या मास्कमधून हवा फुफ्फुसात न जाता तुमच्या मनगटावर लागते. हे सर्व एका वेगळ्या, रंगाने ओळखू येणाऱ्या पिशवीत ठेवावे.

एक मिलीच्या सिरिंजबद्दल स्वतंत्र सूचना करतो. घाईत तिच्या जागी इन्सुलिनची सिरिंज उचलली जाते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या इन्सुलिन सिरिंजवर एका मिलीचे ४० भाग पाडलेले असतात, म्हणजे तिच्यावरील १० हा आकडा पाव मिली दाखवतो. साध्या एक मिलीच्या सिरिंजवर शंभर भाग असतात आणि तिथे दहावी रेघ म्हणजे एक दशांश मिली. मुलाच्या मात्रेत एवढा फरक म्हणजे अडीच पट औषध. म्हणून मुलांच्या पिशवीत इन्सुलिनची सिरिंज ठेवूच नये.

दुसरे काम निवांत वेळी, चहा पिताना करण्याचे आहे. ३, ५, ७, १०, १४, १८ आणि २५ किलो अशा वजनांच्या ओळी आखून, तुमच्या वाहनातील प्रत्येक आणीबाणीच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये न लिहिता थेट मिलीमध्ये लिहावी, कारण सिरिंजवर मिली असतात. उदाहरणार्थ १० किलोची ओळ अशी होईल: हृदय थांबले असता शिरेतून द्यायचे अ‍ॅड्रेनालिन, दहापट पातळ केलेले, १ मिली, तीव्र अ‍ॅलर्जीत मांडीच्या बाहेरील स्नायूत द्यायचे अ‍ॅड्रेनालिन, पातळ न केलेले, ०.१ मिली, आकडीच्या झटक्यासाठी नाकातून मिडाझोलाम २ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत ५ मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून ०.४ मिली, साखर कमी असल्यास १० टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली. हिशेब दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा, लॅमिनेट करावा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. नवा साठा आला आणि कुपीची ताकद बदलली, की जुना तक्ता त्याच दिवशी काढून टाकावा. मिडाझोलामच्या बाबतीत हे हमखास घडते: एका मिलीत १ मिलिग्रॅमची कुपी आली, तर तेच २ मिलिग्रॅम २ मिली होते, आणि लहान मुलाच्या नाकात एवढे द्रव घातले तर त्यातले बरेचसे घशात उतरते किंवा बाहेर ओघळते.

हा तक्ता मी का करू लागलो ते सांगणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, विहिरीतून काढलेल्या चार वर्षांच्या मुलाला छाती दाबणे चालू असताना मी अ‍ॅड्रेनालिनची कुपी फोडली, सोळा किलोंचा हिशेब बरोबर केला आणि १.६ मिली ओढायला दुसरी कुपीही हातात घेतली. बॅग दाबत असलेल्या पायलटकाकांनी मान वर न करता विचारले, "डॉक्टर, पातळ केलं का?" केले नव्हते. आपल्या कुपीत एका मिलीत पूर्ण एक मिलिग्रॅम असतो. त्यात ९ मिली सलाईन मिसळल्यावरच १.६ मिली ही योग्य मात्रा ठरते, नाहीतर ती दहापट होते. दुसरी कुपी फोडावी लागते आहे, यातच चूक ओरडून सांगत होती, पण मला ती ऐकू आली नाही. तेव्हापासून पातळ केलेल्या सिरिंजवर चिकटपट्टी लावून पेनाने 'पातळ' असे लिहिल्याशिवाय मी ती खाली ठेवत नाही.

दुसरी पायरी : वाटेत असताना

कॉल मिळताच वय विचारावे आणि त्यावरून वजन ठरवून ते हातमोज्यावर किंवा पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहावे. तीन महिने ते एक वर्ष या वयात महिन्यांमध्ये नऊ मिळवून दोनने भागावे. एक ते सहा वर्षांपर्यंत वयाची दुप्पट करून त्यात आठ मिळवावे. सात ते बारा वर्षांपर्यंत वयाला सातने गुणून, पाच वजा करून निम्मे करावे. तीन वर्षांचे मूल १४ किलो, आठ वर्षांचे साधारण २५.

हे सूत्र पुस्तकातील सुदृढ मुलाचे आहे. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात किंवा ऊसतोडीच्या कोप्यांवर ते दोन-तीन किलोंनी सहज चुकते. अमेरिकेत १९८० च्या दशकात जेम्स ब्रोसेलो आणि रॉबर्ट ल्यूटन यांनी मुलाच्या लांबीवरून वजन सांगणारा रंगीत पट्टा तयार केला, तो आपल्याकडे काही वाहनांत दिसतो. परंतु भारतीय मुलांमध्ये तो वजन जास्त दाखवतो, असे अभ्यासांत आढळले आहे. याहून सोपा मार्ग घरातच असतो आणि नवख्यांना तो सुचत नाही. अंगणवाडीत मुलाचे वजन नियमित होते आणि माता व बाल संरक्षण कार्डावर ते लिहिलेले असते. लसीकरणाचे कार्ड कुठे आहे, असे वाटेतूनच फोनवर विचारावे. कार्ड शोधण्याच्या निमित्ताने गर्दीतला एक माणूस कमी होतो, हा वरचा फायदा.

फोनवर आणखी एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: बाळ आत्ता रडते आहे का? रडत असेल तर श्वासमार्ग उघडा आहे आणि मेंदूला रक्त पोचते आहे, एवढे तुम्हाला दोन किलोमीटर अलीकडेच कळते. "मघाशी रडत होतं, आता शांत झालं," हे उत्तर आले तर पायलटला सांगून बॅग-मास्क हातात घेऊनच उतरावे.

तिसरी पायरी : दारात अर्धा मिनिट

मुलाला हात लावण्यापूर्वी दारातून पाहावे. अनोळखी माणसाने स्टेथोस्कोप टेकवताच मूल रडू लागते आणि मग श्वास, नाडी, वागणे यांतील काहीही खरे मोजता येत नाही. दारातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, मूल कसे वागते आहे: नजर तुमच्याकडे वळते का, आईच्या कुशीत शिरते का, हातपाय लुळे आहेत का. दुसरी, श्वासासाठी किती कष्ट पडत आहेत. तिसरी, त्वचेचा रंग: फिकट, निळसर, की जाळीसारखा चट्टेदार. या तीनपैकी काय बिघडले आहे, यावरून पुढची घाई ठरते. आईला कडेवरून मूल खाली ठेवायला लावू नये; "ताई, तुम्ही मांडीवर घेऊनच बसा, फक्त अंगातलं झबलं वर करा," एवढे सांगितले तर निम्मी तपासणी तिच्याच हातून होते.

श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ पाहून मोजावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे घातक ठरते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील कमी शिकलेल्या स्त्रियांनाही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागली नाही, बाळाच्या पोटाकडे एक मिनिट पाहण्याचा संयम लागला. घरची माणसे "पोट उडतंय", "डबा झालाय" असे म्हणतात, तेव्हा ते याच लक्षणाचे वर्णन असते. ते उडवून लावू नये.

रक्तदाबावर विसंबून राहू नये. रक्त किंवा पाणी कमी झाले तरी मुलाचे शरीर नाडी वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून दाब बराच वेळ टिकवते, आणि तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. एक ते दहा वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ७० यापेक्षा वरचा दाब कमी असेल तर तो धोक्याचा आहे, हे लक्षात ठेवावे. पण त्याआधी छातीच्या मध्यभागी बोटाने पाच सेकंद दाबून सोडावे आणि रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का ते पाहावे. थंड हातपाय, जलद नाडी आणि उशिरा परतणारा रंग हे तिन्ही एकत्र दिसले, तर दाबाचा आकडा कितीही चांगला असला तरी मूल आजारी आहे.

चौथी पायरी : श्वास, आणि पुन्हा श्वास

प्रौढाचे हृदय बहुतेकदा स्वतःच्या बिघाडाने थांबते. मुलाचे हृदय बहुतेकदा ऑक्सिजन न मिळाल्याने थकून थांबते, आणि त्याआधी नाडी मंदावत जाते. म्हणजे आपल्याला एक फट मिळते. नाकपुड्या फुलणे, बरगड्यांखाली खळगे पडणे, प्रत्येक श्वासाबरोबर डोके हलणे, कण्हणे ही कष्टाची लक्षणे आहेत. पण कष्ट करणारे मूल अजून झुंजते आहे. अर्धा तास धापा टाकणारे मूल एकाएकी शांत झाले, श्वास संथ झाला, डोळे मिटू लागले, की घरचे म्हणतात, "बरं झालं, झोप लागली." त्या क्षणी बॅग-मास्क लावायचा असतो.

लावण्याची पद्धत हातात बसली पाहिजे. तान्ह्या बाळाचे डोके मागून मोठे असते, त्यामुळे सपाट झोपवले की हनुवटी छातीकडे जाते आणि श्वासनळी मुडपते. खांद्यांखाली टॉवेलची घडी ठेवावी, चेहरा छताकडे सरळ राहील इतकीच. प्रौढासारखी मान मागे ताणली तरीही नळी बंद होते. मास्क नाकाच्या वरच्या टोकापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसावा, डोळ्यांवर येऊ नये. अंगठा आणि तर्जनीने मास्क धरून बाकीची बोटे जबड्याच्या हाडावर ठेवावीत. हनुवटीखालच्या मऊ भागात बोट रुतले तर जीभ वर ढकलली जाते आणि आपणच मार्ग बंद करतो. छाती जेमतेम उचलली जाईल इतकीच बॅग दाबावी, सुमारे दर दोन ते तीन सेकंदांनी एकदा. नवखा माणूस घाबरून दुप्पट वेगाने आणि दुप्पट जोराने दाबतो, हवा पोटात जाते, पोट फुगते, उलटी होते. छाती उचलली जात नसेल तर जोर वाढवू नये. आधी डोक्याची स्थिती बदलावी, मग मास्क पुन्हा बसवावा, मग तोंडात काही आहे का ते पाहून सक्शन करावे. काही महिन्यांच्या बाळाचे नुसते चोंदलेले नाक साफ केल्याने श्वास निम्म्याने सुधारलेला मी पाहिला आहे.

तोंडातून श्वासनळीत नळी घालण्याचा मोह होतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात ८३० मुलांवर झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे आठवावा: रुग्णवाहिकेवर नळी घातलेल्या आणि केवळ बॅग-मास्कवर नेलेल्या मुलांच्या वाचण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जे रोज करत नाही ते हलत्या वाहनात करू नये.

ऑक्सिजन आणि श्वास देऊनही नाडी ६० च्या खाली असेल आणि रंग फिका असेल, तर नाडी पूर्ण थांबण्याची वाट न पाहता छाती दाबण्यास सुरुवात करावी. दोघे असाल तर १५ दाब आणि २ श्वास, एकटे असाल तर ३० आणि २. मिनिटाला १०० ते १२० चा वेग. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे तान्ह्या बाळात सुमारे ४ आणि मोठ्या मुलात सुमारे ५ सेंटिमीटर.

पाचवी पायरी : घरची माणसे

खोलीत पंधरा माणसे असतात आणि त्यांतील चौदा जण एकच वाक्य बोलत असतात: "आधी उचला, गाडीत घाला." हा दबाव मुलांच्या कॉलवर इतका असतो की श्वास न घेणारे मूलही उचलून पळण्याची चूक होते. जिन्यावरून, शेताच्या बांधावरून पळताना बॅग-मास्क नीट चालत नाही. श्वास बिघडला असेल तर जागेवर दोन-तीन मिनिटे देऊन तो सावरावा आणि मगच हलवावे. रक्तस्राव किंवा सर्पदंश असेल तर थांबू नये. हा फरक नातेवाइकांना एका वाक्यात सांगावा: "त्याला श्वास देतोय, तो लागला की लगेच निघतोय."

आईला बाहेर काढू नये. तिला काम द्यावे. ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्याजवळ धरणे, पाय चोळणे, मुलाशी बोलत राहणे. सर्वांत आवाज करणाऱ्या काकांना रस्ता मोकळा करायला पाठवावे. "काही होणार नाही," असे आश्वासन मात्र कधीही देऊ नये. पालक सोबत नसतील, मूल शाळेत किंवा रस्त्यावर सापडले असेल, तर संमतीसाठी उपचार अडवायचे नसतात. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी जखम जुळत नसेल, उदाहरणार्थ न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडलेली असेल, तर घरात वाद न घालता जे दिसले ते शब्दशः नोंदवून रुग्णालयात सांगावे. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती कळवणे बंधनकारक आहे.

सहावी पायरी : वारंवार येणारे कॉल

ताप आणि झटका हा सर्वांत नेहमीचा. तुम्ही पोचता तेव्हा कोणी कांदा हुंगवत असते, कोणी चप्पल, आणि दातांमध्ये चमचा अडकवलेला असतो. चमचा काढावा, मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील तापाचे बहुतेक झटके आपणहून थांबतात. पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा तुम्ही पोचेपर्यंत चालूच असेल, तर नाकातून मिडाझोलाम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत निम्मे-निम्मे द्यावे. औषधानंतर श्वास मंदावू शकतो, म्हणून बॅग-मास्क उशाशी ठेवूनच सिरिंज उचलावी. आणि प्रत्येक झटक्यात, प्रत्येक गुंगीतल्या मुलात साखर तपासावी. उपाशी, उलट्या होणाऱ्या मुलात साखर उतरलेली असणे हे सहज दुरुस्त होणारे आणि सहज नजरेआड होणारे कारण आहे.

बुडालेल्या मुलाला गावकरी पालथे घालून पोट दाबत असतात किंवा पाय धरून फिरवत असतात. हे थांबवून आधी श्वास द्यावेत, मग छाती दाबावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, म्हणून दोराशिवाय स्वतः उतरू नये. शुद्धीवर आलेले मूलही घरी सोडू नये, कारण श्वासाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

मण्यार चावल्याचे कॉल फसवे असतात. कोपीत जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटात दुखते म्हणून उठते, एक-दोन उलट्या होतात, दंशाची खूण सापडत नाही, कोणी साप पाहिलेला नसतो. अशा मुलाच्या पापण्या पाहाव्यात. त्या जड होऊन खाली येत असतील, बोलणे घोगरे होत असेल, लाळ गिळता येत नसेल, तर ते पोटाचे दुखणे समजू नये; पुढे श्वासाचे स्नायू थकणार आहेत आणि तुमची बॅग हाच वाटेतला उपचार आहे. प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करावा. त्याची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही, कारण सापाने सोडलेले विष मुलासाठी कमी नसते. किलोमागच्या हिशेबाला असलेला हा एक लक्षात ठेवण्याजोगा अपवाद.

कोकणात आणि पठारी भागात लाल विंचवाचा दंश हा मुलांसाठी मोठा धोका आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी अशी मुले फुफ्फुसात पाणी भरून दगावत. मूल वेदनेने जोरात रडत असेल तर ते त्या मानाने चांगले लक्षण. वेदना फारशी नाही, पण दरदरून घाम, उलटी, थंडगार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठर होणे, हे दिसले तर वेगाने निघावे. प्राझोसिनची मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम असून ती डॉक्टरांच्या सूचनेनेच द्यावी. हातपाय थंड आहेत म्हणून भराभर सलाईन सोडू नये.

सलाईनबद्दल ही सावधगिरी एकूणच बाळगावी. केनिया, युगांडा आणि टांझानियातील तापाने गंभीर आजारी अशा तीन हजारांहून अधिक मुलांवरील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेगाने सलाईन दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त आढळले. ती चाचणी जुलाबाने सुकलेल्या मुलांवर नव्हती. त्यांना पाणी लागतेच. परंतु कुपोषित, पांढऱ्याफटक मुलाला किलोमागे १० मिली देऊन थांबावे, यकृत आणि श्वास पुन्हा तपासावा आणि मगच पुढचे ठरवावे.

भाजलेल्या मुलाचे क्षेत्र मोजताना प्रौढांचा नवांशाचा नियम, म्हणजे शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरण्याची रीत, विसरावा. तान्ह्या बाळाचे डोकेच सुमारे १८ टक्के असते. बोटांसह मुलाचा स्वतःचा तळवा म्हणजे एक टक्का. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे, मात्र बाकीचे अंग झाकलेले ठेवावे, नाहीतर लहान बाळ त्या पाण्यानेच गारठते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये. घशात शेंगदाणा किंवा सीताफळाची बी अडकली असता न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवू नये. एक वर्षाखालील बाळाला पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब आळीपाळीने द्यावेत, पोट दाबू नये.

सातवी पायरी : वाहनात आणि रुग्णालयाच्या दारात

मूल आईच्या मांडीवर नेऊ नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. अचानक ब्रेक लागला तर दहा किलोंचे मूल कोणत्याही आईच्या हातात राहत नाही. स्ट्रेचरची पाठ उचलून, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे घेऊन, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून मुलाला बांधावे आणि आईला त्याच्या नजरेसमोर, तिच्या स्वतःच्या पट्ट्यासह बसवावे. वाहनाचा एसी बंद करावा. वाटेत जन्मलेल्या बाळाला आधी पुसून कोरडे करावे, टोपडे घालावे, आणि ते नीट रडत असेल तर आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरावे. श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू झाला पाहिजे.

जवळचे रुग्णालय मुलासाठी योग्य असेलच असे नाही. बालरोगतज्ज्ञ, नवजातांचा अतिदक्षता कक्ष, व्हेंटिलेटर कुठे आहे, याची तुमच्या तालुक्यापुरती यादी दूरध्वनी क्रमांकांसह करून ठेवावी, आणि दर महिन्याला त्या क्रमांकांवर फोन करून खात्री करावी, कारण डॉक्टर बदलतात आणि यादी तशीच राहते. निघताना वय, वजन, मुख्य तक्रार, दिलेले औषध आणि पोचण्याची वेळ एवढेच कळवावे. दारात पोचल्यावर हेच पुन्हा तोंडी आणि लेखी द्यावे. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये, वेळेसह. हातमोज्यावर लिहिलेले वजन आणि वेळा कागदावर उतरवल्याशिवाय तो हातमोजा टाकू नये. मी एकदा टाकला आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून पुन्हा शोधला.

परतताना पुढचा कॉल येण्याआधी दोघांनी वाहन बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलावे: काय सापडले नाही, कुठे हात अडखळला, तक्त्यातील कोणती ओळ वाचता आली नाही. मूल दगावले असेल तर त्या रात्री एवढेच बोलून थांबू नये. पायलटला घरी सोडताना चहाला थांबावे, आणि दोन-चार दिवसांनी झोप लागत नसेल तर वरिष्ठांना तसे सांगून सुट्टी मागावी, त्यात कमीपणा मानू नये. त्यानंतर वापरलेला मास्क धुऊन वाळत घालावा, फोडलेल्या कुप्या भराव्यात, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मोजाव्यात आणि मुलांची पिशवी चेन लावून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवावी.